व्यक्तींवरील आर्थिक निर्बंध

एखाद्या राज्याने, राज्यसमूहाने किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेने नाव घोषित करून विशिष्ट व्यक्तीची मालमत्ता गोठविणे, तिच्याशी आर्थिक व्यवहार करण्यास इतरांना मनाई करणे आणि बहुधा तिच्या प्रवासावरही बंदी घालणे, ह्या उपायांस व्यक्तींवरील आर्थिक निर्बंध असे म्हणतात. ‘व्यक्ती’ ह्या संज्ञेत माणसांबरोबरच कंपन्या, न्यास व संघटना ह्यांचाही समावेश होतो. हे निर्बंध न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हेत. ते कार्यकारी सत्तेचे आदेश असून त्यांसाठी अपराध सिद्ध व्हावा लागत नाही. सकारण संशय पुरेसा मानला जातो. कायद्याच्या परिभाषेत त्यांचे स्वरूप प्रतिबंधक व तात्पुरते असते. प्रत्यक्षात मात्र ते दहा-वीस वर्षे टिकतात आणि ज्याच्यावर लादले जातात त्याला ते शिक्षेहून वेगळे भासत नाहीत. शिक्षेला निदान मुदत असते. ह्या विषयातील बहुतेक कायदेशीर व राजकीय वाद ह्याच विसंगतीतून उद्‌भवले आहेत.

गोठविणे आणि सरकारजमा करणे ह्या दोन क्रिया भिन्न आहेत. गोठविलेल्या मालमत्तेची मालकी बदलत नाही. परंतु ती विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येत नाही आणि खात्यातील पैसा काढता येत नाही. सरकारजमा झालेल्या मालमत्तेची मालकीच संपुष्टात येते. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पहिल्या प्रकारचे होत. भारतीय कायद्यांत दोन्ही प्रकार आढळतात आणि त्यांच्या वापराचा सर्वांत दीर्घ इतिहास मुंबई शहराशी निगडित आहे.

राज्यसंस्थेने घातलेले हे निर्बंध आणि समाजाने व्यक्तीवर टाकलेला बहिष्कार ह्यांतही फरक केला पाहिजे. महाराष्ट्रातील गावकी व जातपंचायती एखाद्या कुटुंबास वाळीत टाकून त्याला किराणा, पाणवठा, मजुरी व शेतीची अवजारे मिळू देत नसत. अस्पृश्यांविरुद्ध हे शस्त्र किती परिणामकारकपणे वापरले जाते, ह्याची नोंद मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० मध्येच केली होती. परिणामाच्या दृष्टीने ह्या बहिष्काराचे निर्बंधांशी जवळचे नाते आहे. पण कायद्याच्या दृष्टीने तो निर्बंधांच्या नेमका उलट आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाने बहिष्कार टाकणाऱ्यासच तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

पूर्वपीठिका : व्यक्तींची नावे छापून त्यांच्याशी व्यापार बंद करण्याची पद्धत महायुद्धांच्या काळात रूढ झाली. ब्रिटनने १९१६ मध्ये तटस्थ देशांतील, शत्रूशी संबंध असलेल्या व्यापाऱ्यांची ‘काळी यादी’ प्रसिद्ध केली. जुलैमध्ये तीत अमेरिकन पेढ्यांची नावे आल्याने अमेरिकेने त्याविरुद्ध तीव्र निषेध नोंदविला. त्याच अमेरिकेने जुलै १९४१ मध्ये, स्वतः युद्धात उतरण्यापूर्वीच, लॅटिन अमेरिकेतील सु. १,८०० नावांची अशीच यादी काढली. भारतात १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानी नागरिकांची येथील मालमत्ता शत्रुमालमत्ता ठरून अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. त्यासंबंधीचा अधिनियम १९६८ चा असून २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय नागरिक असलेल्या वारसांचाही अशा मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. ह्या सर्व उदाहरणांत व्यक्तीचे स्वतःचे कृत्य गौण होते. ती शत्रुराष्ट्राची किंवा त्याच्याशी संबंधित आहे, एवढे पुरे असे.

शांततेच्या काळातील निर्बंध दीर्घकाळ संपूर्ण देशावरच घातले जात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४१ व्या अनुच्छेदाने सुरक्षा परिषदेस लष्करी बळाव्यतिरिक्त अन्य उपाय योजण्याचा अधिकार दिला; त्याचा पहिला बंधनकारक उपयोग १९६६ मध्ये ऱ्होडेशियाविरुद्ध झाला. अशा नाकेबंदीत राज्यकर्ता व प्रजा ह्यांत भेद करता येत नाही. मराठवाड्यातील वाचकांस ह्याचे जवळचे उदाहरण हैदराबाद संस्थानाचे देता येईल. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर भारताने आपली आर्थिक नाकेबंदी केल्याचा आरोप संस्थानाने केला व ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. संस्थानाच्या उत्तर सीमेवरील, अजिंठ्याच्या पायथ्याचे फर्दापूर हे गाव व पलीकडचा खानदेश ह्यांच्यामध्ये तेव्हा दोन राज्यांची हद्द होती. हद्दीवर माल अडला, की त्याची झळ निजामाच्या खजिन्यापेक्षा अशा गावांतील मीठ, कापड व रॉकेल विकत घेणाऱ्यांना आधी लागणार, हे उघड आहे.

ह्याच संघर्षातून व्यक्तीच्या गोठलेल्या पैशाचेही एक विलक्षण प्रकरण निर्माण झाले. पोलीस कारवाई संपल्यानंतर, २० सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या खात्यातील १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग एवढी रक्कम लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या खात्यात वळविण्यात आली. निजामाने ती परत मागितली. १९५७ मध्ये ब्रिटनच्या उमराव सभेने, पाकिस्तान हे सार्वभौम राज्य असल्याने त्याच्यावर दावा चालत नाही, असा निर्णय दिला आणि पैसा बँकेतच अडकून पडला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने तो भारत व निजामाचे नातू ह्यांचा असल्याचे ठरविले, तेव्हा ती रक्कम सु. साडेतीन कोटी पौंड झाली होती. हा निर्बंधाचा प्रकार नव्हे. परंतु दुसऱ्या देशातील बँकेत ठेवलेला पैसा अखेर त्या देशाच्या कायद्याच्या स्वाधीन असतो, हे व्यक्तींवरील निर्बंधांचे मूळ तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

देशाकडून व्यक्तीकडे : सुरक्षा परिषदेने ऑगस्ट १९९० मध्ये इराकवर घातलेल्या सर्वंकष निर्बंधांमुळे तेथील सामान्य जनतेचे, विशेषतः मुलांचे, अतोनात हाल झाले आणि सद्दाम हुसेनची सत्ता मात्र टिकून राहिली. ह्या अनुभवामुळे निर्णय घेणाऱ्या मोजक्या व्यक्तींवरच निर्बंध रोखावेत, हा विचार बळावला. १९९४ मध्ये हैतीच्या लष्करी अधिकाऱ्यांविरुद्ध आणि १९९८ मध्ये अंगोलातील ‘युनिटा’ ह्या बंडखोर संघटनेच्या नेत्यांविरुद्ध त्याचे प्रयोग झाले. १५ ऑक्टोबर १९९९ च्या १२६७ क्रमांकाच्या ठरावाने तालिबानवर निर्बंध घालून ते राबविण्यासाठी सुरक्षा परिषदेच्या पंधराही सदस्यांची समिती नेमली. पुढील ठरावांनी ओसामा बिन लादेन व अल्‌-कायदा ह्यांचा त्यांत अंतर्भाव केला. २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर १३७३ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवाद्यांचा पैसा गोठविण्याची स्वतःची यंत्रणा उभारणे प्रत्येक राष्ट्रावर बंधनकारक केले. मानवतेच्या भूमिकेतून सुरू झालेला हा उपाय अशा रीतीने दोन वर्षांत दहशतवादविरोधी धोरणाचे प्रमुख साधन बनला. इराकच्या बाबतीत प्रश्न निरपराध जनतेचा होता. आता तो यादीतील नाव बरोबर आहे की नाही, हा झाला.

मुंबई आणि ‘साफेमा’ : संयुक्त राष्ट्रांची यादी अस्तित्वात येण्यापूर्वी सु. पंचवीस वर्षे भारताने ह्याच तत्त्वावरचा कायदा केला होता. सोने, घड्याळे व कृत्रिम धाग्यांचे कापड ह्यांच्या चोरट्या आयातीवर मुंबईत मोठी धनसत्ता उभी राहिली होती. डिसेंबर १९७४ च्या ‘कॉफेपोसा’ अधिनियमाने तस्करांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याची तरतूद केली व आणीबाणीत हाजी मस्तान, युसूफ पटेल आदींना स्थानबद्ध करण्यात आले. तथापि माणूस अडकवून त्याचा पैसा अडकत नाही, हे ध्यानात आल्याने १९७६ मध्ये तस्कर व परकीय चलनात गैरव्यवहार करणारे ह्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा अधिनियम करण्यात आला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘साफेमा’ म्हणून ओळखला जातो.

ह्या अधिनियमाची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. तो लागू होण्यासाठी संबंधित व्यक्तीला ठरावीक कायद्यांखाली शिक्षा झालेली असावी किंवा ती कॉफेपोसाखाली स्थानबद्ध झालेली असावी, एवढेच लागते. सक्षम प्राधिकाऱ्याने नोटीस दिल्यावर मालमत्ता वैध उत्पन्नातून मिळविली आहे, हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवर पडतो. पती-पत्नी, भावंडे, मुले व इतर निकटचे आप्त, व्यवहारातील साथीदार आणि नंतर मालमत्ता हाती आलेले लोकही त्याच्या कक्षेत येतात. योग्य मोबदला देऊन प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्यास तेवढे संरक्षण आहे. अधिनियम घटनेच्या नवव्या परिशिष्टात घालण्यात आला. तरीही त्याला आव्हान मिळाले. अमृतलाल प्रजीवनदास प्रकरणी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो वैध ठरविला. परंतु आप्तांच्या मालमत्तेचा तस्कराच्या अवैध कमाईशी संबंध असला पाहिजे, केवळ नाते असणे पुरेसे नाही, असा खुलासा केला. हा खुलासा नसता, तर कायद्याचे रूपांतर कुटुंबशिक्षेत झाले असते.

दाऊद इब्राहिम कासकर ह्याच्या कुटुंबाच्या मालमत्तेवरील कारवाई ह्याच अधिनियमाखाली झाली. नागपाडा येथील मालमत्तेसंबंधी त्याची आई आमिना बी व बहीण हसीना पारकर ह्यांच्या नावाने चाललेली अपिले सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. तोपर्यंत त्या दोघीही हयात नव्हत्या. सरकारजमा मालमत्ता विकणे हेही सोपे नव्हते. २००० मध्ये काढलेल्या लिलावास भीतीपोटी बोली लावणारे पुढे आले नाहीत. पुढे परिस्थिती पालटली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दक्षिण मुंबईतील तीन मालमत्ता भेंडी बाजाराच्या पुनर्विकासाचे काम करणाऱ्या न्यासाने एकूण ११.५८ कोटी रुपयांस घेतल्या. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील मुंबके ह्या मूळ गावच्या जमिनीही लिलावास आल्या. जानेवारी २०२४ मध्ये तेथील एका लहान तुकड्यास, राखीव किंमत केवळ १५,४४० रुपये असताना, २.०१ कोटींची बोली लागली. हा बाजारभाव म्हणता येणार नाही. मालमत्तेच्या किंमतीपेक्षा मालकाच्या नावाची किंमत अधिक ठरावी, हा अशा लिलावांचा एक विचित्र पैलू होय.

मुंबई आणि आंतरराष्ट्रीय यादी : १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी बाँबस्फोटांत २५७ जण ठार झाले. त्यांतील प्रमुख फरारी आरोपी दाऊद इब्राहिम ह्यास अमेरिकेने १६ ऑक्टोबर २००३ रोजी जागतिक दहशतवादी घोषित केले आणि ३ नोव्हेंबर २००३ रोजी त्याचे नाव १२६७ समितीच्या यादीत आले. ह्या यादीत येण्याची कसोटी अल्‌-कायदा किंवा तालिबान ह्यांच्याशी संबंध ही होती. म्हणजे मुंबईतील स्फोट हे त्याचे सर्वांत मोठे कृत्य असले, तरी केवळ त्या कारणाने तो यादीत येऊ शकत नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मात्र समितीने असाधारण त्वरा दाखविली व १० डिसेंबरला हाफिज सईद आणि झकी-उर-रहमान लख्वी ह्यांची नावे समाविष्ट केली. कसोटी जुनीच होती; बदलली होती ती राजकीय इच्छा.

समितीचे निर्णय एकमताने होतात आणि तिच्या बैठका बंद दाराआड चालतात. कोणताही सदस्य कारण जाहीर न करता प्रस्ताव काही महिने ‘रोखून’ धरू शकतो व नंतर तो अडवू शकतो. जैश-ए-मुहंमद ही संघटना २००१ मध्येच यादीत आली. तिचा प्रमुख मसूद अझहर ह्याचे नाव मात्र २००९ पासून चीनच्या हरकतींमुळे अडले आणि चीनने मार्च २०१९ मधील शेवटची हरकत मागे घेतल्यावर १ मे २०१९ रोजी समाविष्ट झाले. समितीने दिलेल्या कारणांत त्याच वर्षीच्या पुलवामा हल्ल्याचा उल्लेख नव्हता. मुंबई हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी साजिद मीर ह्याचे नाव घालण्याचा भारत-अमेरिकेचा प्रस्ताव चीनने जून २०२३ मध्ये अडविला. नाव काढण्याचे राजकारणही असेच चालते. सिरियाचे अहमद अल्‌-शरा हे २०१३ पासून ह्याच यादीत होते. ते राष्ट्रप्रमुख झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून त्यांचे नाव वगळले.

भारतीय कायदा : सुरक्षा परिषदेचे ठराव अंमलात आणण्यासाठी भारतात १९४७ चा स्वतंत्र अधिनियम आहे, त्याखाली २००७ मध्ये दहशतवादासंबंधीचा आदेश निघाला. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात ५१ क हे कलम घालण्यात आले. त्यानुसार यादीतील व्यक्तीचा किंवा तिच्या वतीने धारण केलेला पैसा गोठविणे, तिला कोणीही पैसा पुरवू नये अशी मनाई करणे आणि तिला देशात प्रवेश नाकारणे हे अधिकार केंद्र सरकारला मिळतात. व्यवहारात यादी रिझर्व्ह बँकेमार्फत बँकांकडे व संबंधित नियामकांमार्फत शेअर बाजार, विमा इ. क्षेत्रांकडे जाते. जुळणारे नाव आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. स्थावर मालमत्तेसाठी दुय्यम निबंधकांच्या नोंदी तपासल्या जातात. गोठविण्याच्या आदेशाची पूर्वसूचना संबंधितास दिली जात नाही. सूचना दिली, तर पैसा तासाभरात अन्यत्र वळविला जाईल; हे कारण रास्तच आहे. मात्र त्यामुळे बाजू मांडण्याची संधी नेहमी नंतरच मिळते.

ह्याचा त्रास नामसाधर्म्य असलेल्यांस होतो. याद्या रोमन लिपीत असतात आणि शेख, सय्यद, मुहंमद ह्यांसारखी नावे त्या लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात. संगणक सगळ्याच जुळण्या संशयास्पद मानतो. जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक इ. तपशील यादीत अपुरे असल्यास गोंधळ वाढतो. चुकून खाते गोठल्यास अर्ज करता येतो व पडताळणीनंतर पंधरा कामकाजी दिवसांत ते मोकळे करण्याची तरतूद भारतीय कार्यपद्धतीत आहे.

२०१९ च्या दुरुस्तीपर्यंत ह्या अधिनियमाखाली केवळ संघटनांना दहशतवादी घोषित करता येत असे. त्या दुरुस्तीने व्यक्तींसाठी चौथी अनुसूची जोडली आणि ४ सप्टेंबर २०१९ रोजी मसूद अझहर, हाफिज सईद, लख्वी व दाऊद इब्राहिम ही पहिली चार नावे तीत घालण्यात आली. नाव काढण्यासाठी प्रथम केंद्र सरकारकडेच अर्ज करावा लागतो. तो नाकारला गेल्यास उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या पुनर्विलोकन समितीकडे जाता येते. संघटनेला ‘बेकायदेशीर’ ठरविणारी बंदी न्यायाधिकरणाकडून पक्की करून घ्यावी लागते. व्यक्तीच्या बाबतीत अशी पूर्वअट नाही. ह्या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे. संघटना नाव बदलून पुन्हा उभी राहते. माणसाला नाव व अब्रू एकदाच मिळते. दुरुस्तीच्या घटनात्मक वैधतेला २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

आर्थिक अपहार करून परदेशी गेलेल्यांसाठी २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगार अधिनियम आहे. मुंबईतील ब्रॅडी हाउस येथील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतील अपहार त्याच वर्षी फेब्रुवारीत उघडकीस आला होता. गुन्हा किमान शंभर कोटी रुपयांचा असणे व आरोपीने परत येण्यास नकार देणे ही त्यातील मुख्य गमके होत. घोषणा विशेष न्यायालय करते, सरकार नव्हे. म्हणून ह्यातील प्रक्रिया अधिक समाधानकारक आहे. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये विजय मल्ल्या ह्यास व डिसेंबर २०१९ मध्ये नीरव मोदी ह्यास असे घोषित केले. घोषणेनंतर मालमत्ता सरकारजमा करता येतेच; शिवाय अशा व्यक्तीस दिवाणी दावा चालविण्यास वा त्यात बचाव करण्यास न्यायालय मनाई करू शकते. ह्या दुसऱ्या तरतुदीवर विधिज्ञांनी टीका केली आहे.

उदरनिर्वाहाची सूट : निर्बंधित व्यक्तीस उपाशी ठेवणे हा निर्बंधांचा हेतू नसतो. सुरक्षा परिषदेच्या २००२ च्या ठरावानुसार अन्न, घरभाडे, औषधोपचार, कर व वकिलाची फी ह्यांसाठी गोठविलेल्या खात्यातून रक्कम काढू देण्यात येते. डिसेंबर २०२० मध्ये समितीने लख्वीला दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपये काढण्यास मान्यता दिली, तेव्हा भारतात संताप व्यक्त झाला. तो समजण्यासारखा होता. तथापि सूट कायद्याला धरूनच होती आणि ह्याच सुटीचा आधार चुकीने यादीत गेलेल्या निरपराध माणसालाही असतो.

न्यायालयीन नियंत्रण : सुरुवातीस यादीतील व्यक्तीला स्वतः दाद मागण्याचा मार्गच नव्हता, तिच्या राष्ट्राने तिच्या वतीने विनंती करावी लागे. ह्या स्थितीला पहिला मोठा धक्का यासीन अब्दुल्ला कादी ह्या सौदी उद्योगपतीच्या खटल्याने दिला. ऑक्टोबर २००१ मध्ये यादीत आलेल्या कादीचा युरोपातील पैसा गोठविण्यात आला. ३ सप्टेंबर २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने असे ठरविले, की आदेशामागे सुरक्षा परिषदेचा ठराव असला, तरी बाजू मांडण्याचा हक्क व परिणामकारक न्यायालयीन संरक्षण नाकारता येत नाही. सुरक्षा परिषदेने २००९ मध्ये नाव वगळण्याच्या अर्जांची स्वतंत्र चौकशी करणारे लोकपालासारखे पद निर्माण केले व २०११ मध्ये त्याचे अधिकार वाढविले. कादीचे नाव २०१२ मध्ये निघाले. हे पद केवळ अल्‌-कायदा व इस्लामिक स्टेट ह्यांच्या यादीपुरतेच आहे; परिषदेच्या इतर याद्यांतील व्यक्तींना ते उपलब्ध नाही.

यूसुफ नदा ह्या वृद्ध व्यावसायिकाची कथा ह्याहून करुण आहे. तो राहत असलेले काम्पिओने हे गाव इटलीचे असले, तरी चोहोबाजूंनी स्विस प्रदेशाने वेढलेले असून त्याचे क्षेत्रफळ दोन चौ. किमी.हूनही कमी आहे. स्वित्झर्लंडने प्रवेश नाकारल्याने अनेक वर्षे तो तेथे जवळजवळ कैदेत राहिला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये, संसदेच्या स्पष्ट अधिकाराविना काढलेले असे आदेश रद्द केले. तथापि २०२२ नंतर रशियासंबंधीच्या निर्बंधांत न्यायालये सरकारच्या परराष्ट्र धोरणविषयक मतास अधिक मान देताना दिसतात. जुलै २०२५ मध्ये त्याच ब्रिटिश न्यायालयाने यूजीन श्विडलर ह्या ब्रिटिश नागरिकाचे अपील बहुमताने फेटाळले. पाचांपैकी एका न्यायाधीशाने भिन्न मत नोंदविले.

एकतर्फी निर्बंध : सुरक्षा परिषदेच्या बाहेर एखाद्या राष्ट्राने स्वतःच्या कायद्याने घातलेल्या निर्बंधांचे प्रमाण २०१२ नंतर झपाट्याने वाढले. रशियन करसल्लागार सिर्गेई मॅग्निट्‌स्की ह्याच्या कोठडीतील मृत्यूनंतर अमेरिकेने त्या वर्षी केलेला कायदा २०१६ मध्ये जगभरातील मानवी हक्कभंग व भ्रष्टाचार ह्यांस लागू करण्यात आला; ब्रिटन व युरोपीय संघ ह्यांनीही २०२० मध्ये तशा तरतुदी केल्या. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाच्या रशियाविषयक यादीत दोन हजारांहून अधिक व्यक्ती व संस्था आल्या. अमेरिकेच्या यादीचा दरारा मोठा आहे. कारण डॉलरमधील व्यवहार अखेर अमेरिकन बँकांतून जातात आणि त्या बँकांचा रोष पतकरण्यास कोणतीही परदेशी बँक धजत नाही. २०२० मध्ये यादीत आलेल्या हाँगकाँगच्या मुख्य प्रशासक कॅरी लॅम ह्यांना बँक खाते नसल्याने पगार रोखीने घ्यावा लागत होता व घरात नोटांचा ढीग साठत होता, हे त्यांनीच सांगितले. हेच अस्त्र २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यावर व न्यायाधीशांवर वापरले गेले. अपराध्यांविरुद्ध उपाय म्हणून पुढे आलेली यादी अपराधांचा न्याय करणाऱ्यांकडे वळली.

भारत केवळ संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, एकतर्फी निर्बंध मानीत नाही, ही आपली अधिकृत भूमिका आहे. ती भूमिका सरकारपुरती खरी असली, तरी व्यापाऱ्याच्या उपयोगी पडतेच असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इराणी पेट्रोरसायनांच्या खरेदीवरून मुंबईतील एक कंपनी अमेरिकेच्या यादीत आली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागभांडवल असलेल्या नायरा एनर्जी ह्या कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिची संगणकसेवा काही दिवस बंद ठेवली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाली. भारतीय कायद्याने कोणताही निर्बंध नसताना भारतातील व्यवसायाचा पत्रव्यवहार असा खंडित होऊ शकला.

परिणामकारकता : ज्याचा पैसा परदेशी बँकांत, घरांत व समभागांत आहे, त्याला निर्बंध जाचतात. ज्याचा पैसा हवाला, रोख रक्कम व परक्या नावांवरील मालमत्तेत आहे, त्याला ते क्वचितच शिवतात. ज्या राज्याच्या भूमीवर तो राहतो ते राज्य त्याला आश्रय देत असेल, तर यादी कागदावरच राहते. दाऊद इब्राहिमच्या बाबतीत २००३ नंतर बराच काळ हेच घडले. ह्यात फरक पडला तो पाकिस्तानवरील दबावामुळे. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती गटाने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला आपल्या करड्या यादीत टाकले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये लाहोरच्या न्यायालयाने हाफिज सईद ह्यास दहशतवादास अर्थपुरवठा केल्याबद्दल शिक्षा दिली. ऑगस्ट २०२० मध्ये पाकिस्तानने काढलेल्या निर्बंधांच्या अधिसूचनेत दाऊदचे नाव कराचीतील पत्त्यांसह प्रसिद्ध झाले. त्याचा बोभाटा होताच, ही माहिती संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून जशीच्या तशी घेतली असून ती व्यक्ती आपल्या देशात असल्याची ही कबुली नव्हे, असे त्या सरकारने जाहीर केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तानचे नाव करड्या यादीतून काढण्यात आले.